चार रिकामी मापं

१

कुणीतरी श्वास घेतला. तालमीत पहिल्यांदा काही वेगळं झालं ते एवढंच. तीसेक माणसं फुंकायची वाद्यं घेऊन बसलेली, ती श्वास घेणार नाहीत तर काय करतील, असं कुणीही म्हटलं असतं.

पण फुंकून वाजवणाऱ्याला श्वासाश्वासातला फरक कळतो. दमल्याचा वेगळा, जांभई गिळल्याचा वेगळा, आणि आता मी वाजवणार म्हणून घेतलेला वेगळा. हा तिसऱ्या जातीचा होता. आणि त्या वेळी अख्ख्या हॉलमध्ये कुणीच वाजवणार नव्हतं.

रचनेचं नाव 'हाक'. बँड चालवणाऱ्या मास्तरांनी स्वतः लिहिलेली. मधोमध सगळा बँड गप्प होतो आणि एकटं क्लॅरिनेट एक लहानशी ओळ वाजवतं. शेवटचा सूर वर चढतो आणि तिथेच लटकत राहतो. त्याला मागच्या रांगेतून फ्रेंच हॉर्न, ते गोगलगायीसारखं वळलेलं पितळी वाद्य, उत्तर देतं. दोनच सूर, वरून खाली, गोल आणि लांब, तालाची चार आवर्तनं, बँडच्या भाषेत चार मापं, भरतील एवढे. कागदावर त्या जागी मास्तरांनी सगळ्या परदेशी खुणा टाळून नुसतं 'ओ' लिहिलं होतं. हाकेला ओ. ऐकणारे हमखास तिथेच रुमाल काढायचे.

तो ओ वर्षानुवर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या दचकीच्या आईने दिला होता. आता आई अंथरुणाला खिळली होती आणि गावात दुसरं हॉर्न नव्हतं. मास्तर म्हणाले, "ती चार मापं रिकामीच ठेवू. खुर्चीही तिथेच राहू दे. लोकांना जे कळायचं ते कळेल." आणि हाक मारायची कुणी, तर लेकीने. सगळ्यांना ही कल्पना फार आवडली. दचकीला कुणी विचारलं नाही.

दचकी हे नाव झांजवाल्याने ठेवलेलं. तो मुद्दाम तिच्या मागे उभा राहायचा आणि ती दचकली की म्हणायचा, "चला, झांज चालू आहे." पुढे खुद्द मास्तरही तिला त्याच नावाने बोलवू लागले.

तर त्या संध्याकाळी तिने हाक वाजवली, क्लॅरिनेट मांडीवर घेतलं आणि मनात मापं मोजू लागली. चौथ्या मापाच्या आधी, मागून, डाव्या हाताला, तो श्वास आला. आत ओढलेला, नेमका, आणि त्याच्या टोकाला शिट्टीचा एक बारीकसा धागा.

ती इतकी दचकली की कागद खाली पडला. बँड सुरू झाला आणि तिचा सूर चुकला.

"काय झालं?" शेजारच्या खुर्चीतल्या बँकवालीने विचारलं. ती दिवसभर बँकेत बसायची आणि संध्याकाळी पहिलं क्लॅरिनेट वाजवायची.

"मागे कुणी श्वास घेतला का?"

"मागे चौदा जण आहेत ग. श्वास न घेता बसतील का?"

२

घरी आल्यावर दारातच चपला काढता काढता "आई" म्हणून हाक मारायची, ही दचकीची लहानपणापासूनची सवय. उत्तर मिळायचं असं नाही. तेव्हा आई न्हाणीघरात दार लावून हॉर्न वाजवत बसलेली असायची, कारण तिथे सूर छान घुमतो. नाहीतर तालमीला गेलेली असायची. शाळेत बाई विचारायच्या, आई काय करते? दचकी सांगायची, हॉर्न वाजवते. "म्हणजे ट्रक चालवते का?" असं पोरं विचारायची. दचकीला वाटायचं, ट्रकच असता तर बरं झालं असतं. ट्रक रात्री उभा तरी करतात.

जेवढा श्वास होता तेवढा आईने बँडला दिला. घरी यायचा तो उरलासुरला.

"आई," आज दचकीने हाक मारली.

"ऐकतेय ती," आतून मावशी म्हणाली. "ओ कुठून देणार? आणि चपला नीट ठेव. मघाशी मी अडखळले."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आईला झटका आल्यापासून ती बॅग घेऊन आली होती ती गेलीच नव्हती. आईची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि वाजवणारे ज्याला घाबरतात ते झालं, ओठ गेला. उजवा कोपरा खाली लोंबायचा. मास्तर एकदाच येऊन गेले होते. सफरचंदं ठेवली, आईच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि दचकीला बाजूला घेऊन विचारलं, "ओठ परत येईल का ग?" ओठ. बाकीच्या बाईबद्दल त्यांना काही विचारायचं नव्हतं.

दचकी पलंगाच्या कडेला बसली. आईचे डोळे छताकडे होते. तिच्या समोरच्या दाताचा एक कोपरा तुटलेला होता. हॉर्नचं तोंड आपटून तुटला, तेव्हा दचकी पाळण्यात होती म्हणे. आईने तो कधी भरून घेतला नाही, सूर बदलेल म्हणून. त्या फटीतून, मोठा श्वास घेतला की, शिट्टीचा बारीक धागा निघायचा.

दचकीने पाय वर घेतले.

३

आता दचकी काही अडाणी नव्हती. तिने कॉलेज केलं होतं, आणि कान तपासणाऱ्या डॉक्टरीण बाईंकडे मदतनीस म्हणून नोकरी करत होती. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की दाबा. काचेपलीकडून ती बारीक बारीक आवाज सोडायची.

या नोकरीने तिला एक गोष्ट शिकवली होती. आवाज नसतानाही बटण दाबणारी माणसं असतात. ती खोटं बोलत नसतात. ती फार वाट बघत असतात, एवढंच.

दुपारी दवाखाना रिकामा झाला तेव्हा ती डॉक्टरीण बाईंना म्हणाली, "माझे कान बघता का?"

"तुझे? तुला तर पलीकडच्या गल्लीतलं मांजर ऐकू येतं."

"म्हणूनच."

ती काचेच्या आत बसली. जाड दार बंद झालं आणि जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. आवाज येत गेले, ती बटण दाबत गेली. मग मोठा खंड पडला. स्वतःचं रक्त वाहताना ऐकू यावं इतकी शांतता. तिचा अंगठा बटणावर होता. तिला उगाच वाटलं की आपल्या मनात मापं मोजली जातायत. एक. दोन. तीन.

अंगठा आपोआप दाबला गेला.

काचेपलीकडे बाई हसल्या. दार उघडून म्हणाल्या, "कान छान आहेत. एकदाच चुकलीस. मी काही सोडलंच नव्हतं तेव्हा."

"तुम्ही श्वास घेतलात का?"

"काचेच्या पलीकडून? झोप काढ जरा. आणि आईचं सगळं एकटीने अंगावर घेऊ नकोस."

ती परत येताना स्वतःला समजावत राहिली. तपासणी झाली, निकाल लागला. मी वाट बघणाऱ्यांपैकी आहे, बास. एवढ्यावर सगळं मिटायला हरकत नव्हती.

४

पुढच्या तालमीत ती मुद्दाम शांत बसली. हाक वाजवली. आणि वाट न बघण्याचा प्रयत्न केला, जो कुणालाच जमत नाही.

श्वास आला. या वेळी जवळून, आणि लांब.

तिने बँकवालीकडे पाहिलं. ती नाक खाजवत होती. मागे वळून बघायची दचकीची छाती झाली नाही.

तालीम संपल्यावर लोक वाद्यं भरत असताना हॉलवाला फडकं घेऊन आला. हॉलची किल्ली त्याच्याकडे, त्यामुळे सगळा बँड त्याला वचकून असायचा.

"तुमच्या लोकांना सांगा," तो दचकीलाच म्हणाला, कारण तिला बोलायला सोपं, "थुंकी सांडली तर पुसून जायचं. ही लाकडी जमीन आहे."

"थुंकी नसते ती. पितळी वाद्यात श्वासाचं पाणी होतं. ते काढून टाकावं लागतं."

"मग ते पाणी घरी नेऊन काढा." त्याने फडकं टाकलं आणि पुसू लागला. दचकी बघत राहिली. तो ट्रम्पेटवाल्यांच्या खुर्च्यांखाली पुसत नव्हता. तो रिकाम्या खुर्चीखाली पुसत होता. एका जागी पडलेलं ओंजळभर पाणी, ताजं, दिव्यात चमकणारं.

"इथे कुणी बसत नाही," ती म्हणाली.

"मग हे काय माझ्या तोंडचं आहे?"

घरी मावशी दारातच भेटली. चेहरा उतरलेला. "आज मी घाबरले ग. संध्याकाळी तिचा श्वास मध्येच थांबला. आत घेतला तो घेतलाच. मी छातीवर हात ठेवून बसले. मग एकदम सोडला आणि पुन्हा नीट चालू."

"कधी?"

"तुझी तालीम ऐन रंगात असेल तेव्हा. का?"

"काही नाही."

"मागच्या वेळीही झालं होतं थोडंसं. तू काळजी करशील म्हणून बोलले नाही. दचकी ना तू."

घरातही ते नाव पोचलं होतं. दचकी हसली, कारण हसणं सोपं होतं, आणि आत जाऊन आईच्या छातीकडे बघत बसली. ती वर खाली होत होती, गिरणीसारखी, नियमित. घेतला, सोडला. घेतला, सोडला.

एक श्वास दोन ठिकाणी घेता येत नाही. हे कळायला कॉलेज लागत नाही.

५

"मास्तर, ती हाक बँकवालीला द्या."

मास्तर कागद लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "का?"

"मला श्वास पुरत नाही."

"श्वास पुरत नाही की धीर? तुझ्या आईने अंगात ताप असताना वाजवलंय."

"माहीत आहे मला. त्या दिवशी ताप मलाही होता. मी घरी होते."

मास्तरांनी कागद खाली ठेवले. मग त्यांनी मान हलवली आणि बँकवालीला बोलावलं. बँकवालीने हाक वाजवली, चांगलीच वाजवली, दचकीपेक्षा गोल. शेवटचा सूर वर जाऊन लटकला. चार मापं रिकामी गेली. दचकीने कानात प्राण आणून ऐकलं.

काही नाही. एवढी स्वच्छ, कोरडी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. तालमीनंतर तिने वाकून पाहिलं तर खुर्चीखालची जमीनही कोरडी. घरी मावशी म्हणाली, "आज शहाण्यासारखी झोपली होती संध्याकाळभर."

म्हणजे सुटलं. आता बँकवालीने वाजवायचं, आईने श्वास घ्यायचे, सगळं आपापल्या जागी. दचकी तोंड धुवायला न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि तिथे, जिथे आईचे सूर घुमायचे तिथे, तिच्या डोक्यात दुसरीच गोष्ट शिरली.

बँकवालीने बोलावलं तेव्हा कुणी आलं नाही. म्हणजे जे येत होतं ते माझ्या हाकेला येत होतं. फक्त माझ्या.

पाणी वाहत राहिलं. तिला आठवलं, याच दाराबाहेर आपण उभे असायचो. गुडघा फुटला म्हणून, गणित सुटत नाही म्हणून, कधी काहीच नाही म्हणून. आई. आई. आई. आणि आतून हॉर्न. कधी वाजवणं थांबलं नाही. माणसांनी भरलेल्या हॉलला ओ मिळायचा, तिकीट काढून आलेल्यांना मिळायचा. दाराला कान लावून उभ्या असलेल्या पोरीला मिळायचा नाही. आणि आता, जेव्हा तोंड वाकडं झालं, तेव्हा ही बाई कुठल्याशा खुर्चीवर जाऊन माझ्यासाठी श्वास घेते.

बटण दाबणाऱ्यांचं एक कारण तिला आत्ता समजलं. काहींना आवाज ऐकू येतच नाही हे मान्य करण्यापेक्षा चुकणं बरं वाटतं.

ती आईपाशी गेली. "रविवारी मी वाजवू का?" तिने विचारलं. आवाज हवा होता त्यापेक्षा कडू निघाला. "तुझ्या लाडक्या हॉलमध्ये. येशील का?"

आईने मान हलवली नाही, ती हलतच नव्हती. पण डाव्या हाताची बोटं चादरीवर सरकली. हॉर्नच्या कळा डाव्या हाताने दाबतात. बोटं एका तऱ्हेने दबली, मग दुसऱ्या तऱ्हेने. वरचा सूर, खालचा सूर. ही बोटं दचकीने उभ्या जन्मात इतक्यांदा पाहिली होती की डोळे मिटूनही ओळखली असती. पुन्हा. पुन्हा. आईचे डोळे मात्र छतावरून दचकीवर आले होते आणि ते फार मोठे उघडलेले होते.

ते हो होतं की नको, हे दचकीला ठरवावं लागलं. तिने तिला हवं ते ठरवलं. बाहेर येऊन मास्तरांना फोन केला आणि सांगितलं, हाक मीच वाजवेन.

६

रविवारी दुपारी हॉल भरला. पहिल्या रांगेत मास्तरांच्या ओळखीची मोठी माणसं, मागे बँडवाल्यांचे नातेवाईक, सगळ्यात मागे पाय दुखतात म्हणून भिंतीला टेकलेला हॉलवाला. मास्तरांनी आधी दोन शब्द सांगितले. एक थोर कलावती, एक रिकामी खुर्ची, एक कन्या. लोक हळहळले. 'कन्या' ऐकून झांजवाला खोकला.

ट्यूबा वाजवणारा त्या दिवशी जागा नव्हती म्हणून पुढे सरकून बसला होता, दचकीच्या तिरक्या समोर. त्याच्या वाद्याचं ते परातीएवढं पितळी तोंड तिच्याकडे वळलेलं होतं. त्यात सगळा बँड उलटा सुलटा, वाकडा दिसत होता. दचकीने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

रचना सुरू झाली. खरं सांगायचं तर ती रचना सुंदरच आहे. राग येतो इतकी सुंदर. बँड चढत गेला, फुटला आणि गप्प झाला. दचकीने हाक वाजवली. शेवटचा सूर तिने वर नेऊन सोडला, असा, की पहिल्या रांगेतली एक बाई पदराशी चाळा करता करता थांबली.

एक माप.

दोन.

मागून श्वास आला. दाताच्या फटीची शिट्टी, स्पष्ट, मानेजवळ. आत, आत, अजून आत. दचकीच्या मानेवरचे केस त्या दिशेला ओढले गेल्यासारखे वाटले.

तीन. आता सूर यायला हवा होता.

चार. आला नाही.

मास्तरांचा हात बँडला उठवायला वर गेला. आणि दचकीने तालमीत कुणीही कधी केलं नसतं ते केलं. तिने क्लॅरिनेट पुन्हा ओठांना लावलं आणि रिकाम्या जागेतच दुसऱ्यांदा हाक मारली. मास्तरांचा हात हवेतच राहिला. लोकांना वाटलं हे असंच आहे. कुणीतरी मुसमुसलं.

हाक वाजवताना तिची नजर ट्यूबाच्या पितळेवर गेली. ठरवलेलं काही उपयोगी पडलं नाही. त्यात ट्रम्पेटवाले दिसत होते, लांबुडके, झांजवाल्याचा एक मोठा कान दिसत होता, आणि त्यांच्या मधे, जिथे खुर्चीची रिकामी पाठ दिसायला हवी होती, तिथे एक कोपर हळूहळू वर उचललं जात होतं. उजवं कोपर. हॉर्न वाजवणारा उजवा हात वाद्याच्या तोंडात घालतो, तेव्हा कोपर असंच बाहेर येतं. आईचं उजवं कोपर कित्येक महिने हललं नव्हतं.

श्वास अजून घेतला जातच होता. त्याला सोडणं नव्हतं.

मास्तरांनी हात खाली टाकला आणि सगळा बँड कोसळल्यासारखा वाजला. नंतर टाळ्या झाल्या. लोक उभे राहिले.

"दोनदा का ग वाजवलंस?" टाळ्यांमध्ये बँकवालीने विचारलं.

"उत्तर आलं नाही म्हणून."

मग कुठे ती वळली. खुर्ची रिकामी होती. फक्त जरा मागे सरकलेली होती, कुणी उठून गेल्यावर सरकते तशी.

७

मावशीने फोन उचलला नाही. दचकीने पुन्हा लावला, रस्त्यात लावला, जिन्याखाली लावला. वाजून वाजून बंद झाला.

दार उघडंच होतं. मावशी आत पलंगापाशी नव्हती, तर बाहेर चपलांच्या स्टुलावर बसली होती, हात मांडीवर पालथे. आतल्या खोलीचं दार तिने ओढून घेतलं होतं.

"फोन का नाही घेतलास?"

"अं? वाजला का?" मावशी तिच्याकडे न बघता म्हणाली. "मघाशी तिने श्वास घेतला. असा मोठा. उठून बसते की काय असं वाटलं. तोंडसुद्धा सरळ झालं ग, ओठ जागेवर आला. मला वाटलं आता बोलणार. मी म्हटलं, बोल ताई, बोल." तिने हात सुलटे केले आणि पुन्हा पालथे ठेवले. "सोडलाच नाही तिने. मी अजून वाटच बघतेय."

दचकी उंबऱ्यापाशी उभी होती. क्लॅरिनेटची पेटी हातात, पायात चपला तशाच. आतून काही आवाज येत नव्हता. गिरणी बंद होती. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो जुना, दाराबाहेर उभं राहिल्याचा राग. एवढं बोलावलं. दोनदा बोलावलं. तरीही नाही.

तिने चपला काढल्या, नीट ठेवल्या, आणि सवयीने, अगदी सवयीने, बंद दाराकडे बघत म्हणाली,

"आई."

मावशीने मान वर केली.

घर गप्प होतं. एक. दोन. दचकीला थांबवायचं होतं, पण मापं आपोआप मोजली जात होती. तीन. मावशी तिच्याकडे बघत होती. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दारातून, जिन्याकडे बघू लागली, आणि तिचा हात तोंडावर गेला.

आयुष्यात पहिल्यांदा दचकी दचकली नाही.

मागे, वरून दुसऱ्या पायरीवर, दाताच्या फटीतून शिट्टीचा बारीक धागा निघाला. आणि जरा वैतागलेल्या, कामातून उठून आलेल्या बाईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"ओ."